हॉलमधलं तळं

पिशवी अशी एकदम उलटी करायची नसते, हे मला माहीत होतं.

अनिरुद्ध स्टुलावर उभा होता. हातात टम्म फुगलेली प्लॅस्टिकची पिशवी आणि पिशवीत बोटाएवढी चाळीस रोहूची पिल्लं. बोटुकली म्हणतात त्यांना. भर मे महिन्यात स्कूटरवर तासभर तापून आलेलं ते पाणी, आणि टाकीतलं पाणी रात्रभर कूलरच्या वाऱ्यानं गार झालेलं. पिशवी आधी बंदच टाकीत सोडायची, अर्धा तास तरंगू द्यायची. आतलं आणि बाहेरचं पाणी सारखं झालं की मग तोंड सोडायचं आणि मासोळीला स्वतःहून बाहेर येऊ द्यायचं. आमच्या गावात हे कुणाला सांगावं लागत नाही.

टाकीला सासूबाईंनी हळदकुंकू लावलं होतं. शेजारच्या मोहरीर काकू बघायला आल्या होत्या. मी पेढ्यांची बशी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी.

"एक, दोन, तीन!" अनिरुद्ध म्हणाला आणि त्यानं पिशवी उलटी केली.

मी काही बोलले नाही. सगळ्यांना पेढे दिले.

या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली.

अनिरुद्ध माझा नवरा. तंत्रनिकेतनात मेकॅनिकल शिकवतो. मी एका शाळेत ग्रंथपाल, म्हणजे मे महिनाभर घरीच. आमची मुलगी ऊर्मी तेव्हा पुण्याला तिच्या आत्याकडे सुट्टीला गेली होती. नागपुरातल्या आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघं, सासूबाई आणि ते यंत्र.

अ‍ॅक्वापोनिक्स. दोन महिने घरात दुसरा शब्द नव्हता. खाली माशांची टाकी, वर लोखंडी घोडीवर गोट्यांनी भरलेला वाफा, वाफ्यात पालक आणि पुदिना. पंप खालचं पाणी वर चढवतो. माशांची घाण झाडांना खत होते, आणि झाडांनी, गोट्यांनी गाळलेलं पाणी पुन्हा खाली माशांना. माती नाही, खत नाही, ऊन नाही, म्हणून वर निळे-जांभळे दिवे. सोफा गॅलरीत गेला होता. वाफा भरला की पाणी आपोआप खाली सुटावं म्हणून बसवलेला सायफन तीन आठवडे काही केल्या चालेना. एकतर नुसतं ठिबकायचं, नाहीतर सुटलं की थांबायचंच नाही. हॉलभर पाइपाचे तुकडे, एम-सीलचा वास, आणि जेवायला हाक मारली की "पाच मिनिटं". पहिल्यांदा तो सायफन गुडगुड करत नीट सुटला आणि नीट थांबला, तेव्हा अनिरुद्धनं मला हात धरून ओढत नेलं. "ऐक, ऐक," म्हणाला. मी ऐकलं. खरंच छान वाटलं. त्याच्या हाताचं मला कौतुक नव्हतं असं नाही.

राग वेगळाच होता.

मी माहेरची नान्हे. गोंदियाकडच्या एका तळ्याकाठच्या गावातली. आम्ही ढीवर. बाबांचं नाव उरकुडा. ते जन्मभर तळ्यात मासे धरत आले, आणि आई टोपलीत घालून बाजाराला न्यायची. मी शिकले, नागपूरला आले, कॉलेजात अनिरुद्ध भेटला. लग्न ठरलं तेव्हा सासूबाईंनी फारसा विरोध केला नाही, एवढंच म्हणाल्या, "लोकांना आपण शेती आहे म्हणून सांगू. बाकी माझं काही म्हणणं नाही." अनिरुद्ध म्हणाला, "आईच्या समाधानासाठी गं. आपल्याला काय फरक पडतो?" मलाही तेव्हा वाटलं, खरंच, काय फरक पडतो.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मला टायफॉइड झाला. उठल्यावर अंगात त्राण नव्हतं. बाबांना कळलं तसे ते पहाटेची एसटी धरून आले. बरोबर पाणी घातलेला पत्र्याचा डबा, त्यात जिवंत मरळ. आजारातून उठलेल्याला आमच्याकडे मरळीचा रस्सा देतात. दार सासूबाईंनी उघडलं. डब्यात काय आहे ते कळल्यावर त्या ओरडल्या वगैरे नाहीत. हळू आवाजात म्हणाल्या, "हे आत नको हो." अनिरुद्ध बाहेर गेला आणि बाबांना खाली चहाच्या टपरीवर घेऊन गेला. दोघांनी चहा घेतला. मी खिडकीतून पाहत होते. चहा झाल्यावर बाबा डबा उचलून स्टँडकडे चालू लागले. त्यानंतर दहा वर्षं ते आमच्याकडे आले नाहीत. मीच जायची. फोनवर बोलायचं झालं की गच्चीत जायची, कारण बाबांशी बोलताना माझी भाषा बदलते.

आता त्याच हॉलमध्ये मासे होते. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं दाखवायच्या. "खायचे नाहीत हो हे, प्रयोगाचे आहेत," असं प्रत्येकाला सांगायच्या. आणि अनिरुद्ध, ज्याचा सासरा कंबरभर पाण्यात उभा राहून म्हातारा झाला, तो कुठल्या परदेशातल्या माणसाचे व्हिडिओ पाहून वहीत टिपणं काढत होता. फ्रिजवर तक्ता लावला होता: तापमान, सामू, अमोनिया. मला एकदाही, चुकूनही, त्यानं विचारलं नाही, की कुंदा, तुला काय वाटतं?

तर मीही ठरवलं, की विचारल्याशिवाय सांगायचं नाही.

पहिल्या दिवशी दोन मेले. अनिरुद्ध म्हणाला, "प्रवासाचा ताण." मग तो दिवसातून तीनदा खाणं घालू लागला, कारण डब्यावर तसं लिहिलं होतं. अर्धं खाणं तळाशी कुजायचं. चौथ्या दिवशी गोट्यांवर बुळबुळीत थर धरू लागला, तर सासूबाईंना ते बघवेना. त्यांनी गोटे काढून ब्रशनं घासले, अनिरुद्धनं नळाखाली धुतले. चाचणीच्या नळीतलं पाणी रोज आधीपेक्षा जास्त हिरवं व्हायचं. म्हणजे अमोनिया वाढतोय. तो डोकं धरून बसायचा.

मासे वर यायला लागले. ओट्याशी भांडी घासताना मला टाकीचा वरचा काठ दिसायचा. पाण्याच्या पृष्ठभागावर छोटी छोटी तोंडं उघडायची, मिटायची. मी मनात म्हणायची, विचार. एकदा विचार, लगेच सांगते. तो विचारायचा नाही. तो पुरवठादाराला फोन करायचा, पुरवठादार उचलायचा नाही. तो मित्राला फोन करायचा, मित्र म्हणायचा, खाणं बदलून पाहा. मी भांडी जरा जास्तच जोरात आपटत असेन. "काय झालं?" त्यानं विचारलं. "काही नाही," मी म्हणाले.

नवव्या दिवशी शेवटचा मासा मेला. अनिरुद्धनं तो पेपरात गुंडाळला आणि खाली आंब्याच्या बुंध्याशी पुरला. वर आला तेव्हा त्याच्याकडे बघवत नव्हतं. तरीही मी काही बोलले नाही.

त्यात प्राचार्यांना त्यानं उत्साहात आधीच बोलावून ठेवलं होतं. पुढच्या रविवारी अकरा वाजता. कॉलेजात असं मोठं युनिट उभारायचं, मंजुरी मिळाली तर विभाग त्याच्याकडे. म्हणून मंगळवारी तो पुन्हा चाळीस पिल्लं घेऊन आला. त्याआधी त्यानं टाकी आतून-बाहेरून घासली होती, सगळे गोटे पुन्हा धुतले होते, पाणी नवंकोरं भरलं होतं. पिशवी मात्र या वेळी अर्धा तास तरंगू दिली. ते त्याला व्हिडिओत सापडलं होतं. मला आणखीच राग आला.

शनिवारी दुपारी दीड वाजता मासे वर आले.

सगळे. पाणी पडायच्या धारेखाली गर्दी करून, वाकडे होऊन, आऽ वासून. अनिरुद्ध पंपाचा नळ इकडून तिकडे वळवत होता. त्याच्या शर्टाच्या बाह्या खांद्यापर्यंत भिजल्या होत्या. सासूबाई मागे उभ्या राहून म्हणत होत्या, "अरे, काहीतरी औषध असेल ना रे?"

"नाहीये औषध! कुणालाच काही माहीत नाहीये!" तो ओरडला. मग माझ्याकडे वळला, स्वयंपाकघरात आला आणि दार लोटून हळू आवाजात म्हणाला, "कुंदा, मामाजींना, तुझ्या बाबांना विचारायचं का? त्यांना माहीत असेल ना?"

दोन महिने मी ज्याची वाट पाहत होते ते वाक्य. पण ते दार लोटून आलं होतं.

"दार का लावलंस?" मी विचारलं.

"आईला उगाच... आत्ता नको ना तो विषय. मासे मरतायत."

"मरू देत," मी म्हणाले. माझाच आवाज मला ओळखू आला नाही. "दार उघड. मी फोन हॉलमध्ये लावणार. सगळ्यांदेखत."

त्यानं दार उघडलं. मी फोन घेऊन टाकीजवळ गेले आणि बाबांचा नंबर लावला.

"काहून वं, भरदुपारी?" बाबांनी विचारलं. "बरी आहेस ना?"

"बरी आहो. बाबा, यायनं घरात मासोळी पाळली."

"कोनं?"

"तुमच्या जवायानं."

मग बाबा म्हणाले, "घरात? कोनत्या खोलीत?"

"हॉलमंधी."

सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. बारा वर्षांत त्यांनी माझ्या तोंडून ही भाषा ऐकली नव्हती.

"बरं," बाबा म्हणाले. 'कशाला' नाही, 'आता का' नाही, काही नाही. "झालं का मंग?"

"वरतं येऊन तोंड काढून राह्यली."

"हात नेला तं पळते का?"

मी पाण्यात हात घातला. एक पिल्लू माझ्या बोटाला टेकून तसंच राहिलं. "नाही पळत."

"मंग टाइम कमी आहे. आयक. खानं बंद कर, दोन-तीन दिवस काहीच नको टाकू. पानी नळाचं आहे का? ताजं का शिळं?"

"ताजं भरलं होतं. पन न्हानीत दोन ड्रम कालचं शिळं आहे."

"चांगलं झालं. अर्धं पानी काढ, शिळं टाक. उंचावरून टाकजो, धार फुटली पाह्यजे. अर्ध्या मासोळ्या दुसऱ्या भांड्यात काढ, चाळीस म्हंजे गर्दी झाली. गोट्याले बुळबुळ आहे का?"

"धुतले गोटे. ब्रशनं."

"अर्रर्र. धुतले काहून? थे बुळबुळच तं पानी साफ करते. पाह्य, तिकडं कुठी जुनं टाकं असन, कमळाचं-बिमळाचं. त्यातले गोटे आनून टाक, न धुता."

मी एकेक वाक्य अनिरुद्धला सांगत होते, तो मान हलवत होता. लहान वर्गातल्या मुलासारखा. सगळं सांगून झालं तरी बाबांनी फोन ठेवला नाही.

"याच्या पयले मेल्या का काही?"

"मेल्या. मागच्या खेपेला. चाळीस."

"चाळीसच्या चाळीस?" आवाज बदलला. "तू कुठी होती?"

"इथंच."

"अशाच वरतं येत होत्या?"

"हाव."

"तुले दिसत होतं?"

माझा तोल गेला. "मले कोनं विचारलं, बाबा? दोन महिने झाले, या घरात मले एकानं तरी विचारलं का?"

"मासोळीनं विचारलं ना," बाबा म्हणाले. "वरतं येऊन तोंड उघडते, थे विचारनंच आहे ना वं."

मी पाण्याकडे पाहिलं.

"आपन पोटासाठी धरतो. धरली का संपलं. अशी तडफडत पाहत नाही बसत. मानसाचा राग मानसावर काढाव, कुंदे. जा, पानी सोड." त्यांनी फोन ठेवला.

माहेरून कुणी रागवावं आणि ते सासरच्यांसमोर, हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदा झालं. रडू आवरायलाही वेळ नव्हता. अनिरुद्धला म्हटलं, नर्सरीत जा, कमळाच्या टाकीतले गोटे माग, नाही म्हणाले तर विकत घे, पण आण. तो किल्ली घेऊन धावला. मी गुडघ्यांवर बसून पाणी उपसायला लागले.

आणि लाइट गेली.

पंप थांबला. इतके दिवस घरात सतत होणारा तो पाण्याचा आवाज बंद पडला, तसे मासे आणखीच वर आले. आता हातानंच. एक लोटा भरायचा, डोक्याइतका वर न्यायचा, धार सोडायची, पुन्हा भरायचा. दहा मिनिटांत खांदे भरून आले. कपाळावरचा घाम टाकीत पडत होता.

"दे," सासूबाई म्हणाल्या.

"तुम्हाला जमायचं नाही, आई."

"दे म्हणते ना."

त्यांनी पदर खोचला आणि दुसरा लोटा घेतला. पहिल्यांदा लोट्यात एक पिल्लू आलं, तशा त्या किंचाळल्या. लोटा पाण्यात बुडवून ते सोडलं. पुन्हा भरला. आम्ही दोघी समोरासमोर बसून पाणी वर नेत होतो आणि खाली सोडत होतो. बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, "किती वेळ करायचं असं?"

"लाइट येईपर्यंत."

"आणि नाही आली तर?"

"तरीही. येईपर्यंत."

तासाभरानं अनिरुद्ध आला. सिमेंटच्या पोत्यात हिरवे, शेवाळलेले गोटे. हॉलभर चिखलाचा वास पसरला. सासूबाईंनी नाकाला पदर लावला, पण काही म्हणाल्या नाहीत. गोटे वाफ्यात घातले. वीस पिल्लं न्हाणीतल्या ड्रममध्ये काढली. मग तो आईच्या जागी बसला, आणि त्या पाठ टेकायला आत गेल्या.

"अनिरुद्ध," मी म्हणाले. "पहिल्या वेळीही मला दिसत होतं."

"काय?"

"सगळं. तू पिशवी उलटी केलीस तेव्हापासून. खाणं जास्त होतंय, गोटे धुवायचे नसतात, सगळं. मी बघत होते."

त्याचा हात थांबला.

"हात थांबवू नको," मी म्हणाले.

त्यानं पुन्हा धार सोडली. तीन-चार लोटे झाले. "मग का नाही सांगितलंस?" त्याच्या आवाजात राग होता आणि तो असणारच होता. "रात्र रात्र जागलो मी. तू शेजारी झोपली होतीस."

"तू विचारशील म्हणून थांबले होते."

"मी विचारलं नाही म्हणून चाळीस मासे मारलेस तू?"

"हो," मी म्हणाले. दुसरं काही खरं नव्हतं. "आणि तू दहा वर्षांपूर्वी माझ्या बाबांना टपरीवर चहा पाजून परत पाठवलंस. आईच्या समाधानासाठी. आणि आजही दार लोटून विचारलंस."

आम्ही पाणी वर नेत राहिलो. चार वाजता लाइट आली, पंप सुरू झाला. मी तिथंच फरशीवर आडवी झाले. दंड इतके दुखत होते, की केसांतली क्लिप काढता येईना.

रविवारी सकाळपर्यंत दोन मेले. बाकीचे खाली होते. पाणी अजून गढूळ, वाफ्यात अर्धा पालक पिवळा. अनिरुद्धनं रंगवून सांगितलं होतं तसं काही दिसत नव्हतं. अकराला प्राचार्य गोहोकर आले, बरोबर विभागातले दोघं प्राध्यापक. अनिरुद्धनं यंत्र दाखवलं. सायफन वेळेवर सुटला. मी पन्ह्याचे ग्लास घेऊन आले.

"पण मासे जगवायचे म्हणजे अवघड," गोहोकर सर म्हणाले. "आमच्या एका ओळखीच्यांनी केलं होतं हे. सगळे मेले. तुम्ही कसं जमवलंत?"

"माझेही पहिले मेलेच," अनिरुद्ध म्हणाला. तो माझ्याकडे बघत नव्हता. "कालही मेले असते. माझ्या सासऱ्यांनी फोनवर सांगितलं, काय करायचं ते."

"अरे वा. काय करतात ते?"

"शेती आहे त्यांची," सासूबाई म्हणाल्या.

सवयीनं म्हणाल्या. बारा वर्षं म्हणत होत्या, तोंडात बसलं होतं. म्हणून झाल्यावर त्यांचं त्यांनाच कळलं असावं, कारण त्या गडबडीनं ग्लास गोळा करायला लागल्या. अजून कुणी प्यायलंही नव्हतं.

"शेती नाही," मी म्हणाले. "आमची शेती कधीच नव्हती. आम्ही ढीवर. माझे वडील तळ्यावर मासे धरतात, आई बाजारात विकायची."

आता काय होईल ते होऊ दे, असं मनाशी धरून उभी राहिले.

"अस्सं!" गोहोकर सर म्हणाले. पन्ह्याचा घोट घेतला. "मग त्यांना विचारा हो, यात मरळ होईल का? मरळीला भाव चांगला आहे म्हणतात." आणि सोबतच्या प्राध्यापकांकडे वळून ते पंप किती वॅटचा घ्यावा, यावर बोलायला लागले.

एवढंच. बारा वर्षं गच्चीत जाऊन फोन केले होते, आणि एवढंच. कुणी चमकलं नाही, कुणी ग्लास खाली ठेवला नाही. मला हायसं वाटायला हवं होतं. मी स्वयंपाकघरात जाऊन ट्रे ओट्यावर आदळला. त्यांच्यापैकी कुणी काही वाईट बोललं असतं, तर बरं झालं असतं असं वाटलं. निदान इतकी वर्षं कशासाठी गेली, ते तरी कळलं असतं.

पाहुणे गेल्यावर सासूबाई आत आल्या. "त्यांना काहीच वाटलं नाही गं," म्हणाल्या. चेहऱ्यावर खरोखरचं आश्चर्य.

"नाही वाटलं."

"तुझ्या वडिलांना फोन लाव," म्हणाल्या. "मला बोलायचंय."

मी फोन लावून त्यांच्या हातात दिला. त्या हॉलमध्ये टाकीशेजारच्या खुर्चीवर जाऊन बसल्या. मी दारात उभी राहून ऐकत होते. त्या शब्दाची मी दहा वर्षं वाट पाहत होते, आणि आता तो येणार, अशी माझी खात्री होती.

"नमस्कार. मी अनिरुद्धची आई," त्या म्हणाल्या. घसा साफ केला. "मी काय म्हणते... या माशांना खायला नक्की किती द्यायचं हो? आणि किती वेळा?"

हे मी त्यांना आदल्याच दिवशी सांगितलं होतं. बाबांनी सांगितलेलं, शब्दाला शब्द. त्यांना पाठ होतं. बाबा तिकडून पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले असावेत, कारण त्या "हो", "बरं", "चिमूटभर, हो का" करत होत्या. मग त्यांनी विचारलं, थंडीत काय करायचं? मग विचारलं, उन्हाळ्यात तिकडं तळ्याला पाणी राहतं का? मग, गुडघे दुखत असतील ना हो इतकी वर्षं पाण्यात उभं राहून? बराच वेळ चाललं होतं. तो एक शब्द काही आला नाही. शेवटी त्या उठल्या आणि फोन माझ्या हातात दिला.

मी गच्चीत गेले नाही. तिथंच बोलले. "बाबा, तिनं तुमची माफी नाही मागितली."

"नाही मागितली," बाबा म्हणाले.

"अन् तुमी सांगत बसले. तेच तेच. तिले सगळं मालूम आहे, मी कालच सांगितलं होतं. तुमाले राग नाही येत?"

"येते ना. काहून नाही येन? त्या दिवशी गाडीत लय आला होता. पन आता विचारून राह्यली ना वं. मंग सांगाले काय जाते?"

मला अजूनही वाटतं, की त्यांनी इतक्या लवकर सांगायला नको होतं. मी फोन ठेवला. हॉलमध्ये अनिरुद्ध डब्यातून खाणं काढायला गेला होता, आणि सासूबाई त्याचा हात धरून त्याला मोठ्या आवाजात सांगत होत्या, "आज नाही! आणि उद्याही नाही. नंतर दिवसातून एकदाच, तेही चिमूटभर. मी त्यांना विचारून घेतलंय."